एक्क्याऐंशी लाडू आणि पाठीवरचा डबा

डब्यांच्या बाबतीत मला अक्कल शिकवेल असा माणूस अजून जन्माला यायचा आहे! छातीठोकपणे सांगतो. मी, चंद्रहास पाटणकर, सव्वीस वर्षं रेल्वेत इंजिनिअर आहे, आणि ही सगळी वर्षं डब्यांच्याच कामात गेली. डबा कुठे करकरतो, कुठे गळतो, वळणावर किती झुकतो, हे मला नुसत्या आवाजावरून कळतं. तेव्हा सुट्टीत फिरायला आपला स्वतःचा एक डबा असावा, त्यात झोपायला फळ्या, शेगडी, बेसिन असं सगळं असावं, असं माझ्या मनात आलं तर त्यात माझं काय चुकलं?

"सगळंच!" असं आमच्या सौभाग्यवतींचं, म्हणजे उल्काचं, मत आहे.

पहिला डबा मी गाडीमागे जोडून ओढायचा केला होता. आम्ही राहतो लखनौला, तिथल्याच सरोजिनी नगरच्या नन्हे मिस्त्रीने माझ्या ड्रॉइंगबरहुकूम बनवला. पण रुळावरचा डबा मुकाट मागे येतो आणि रस्त्यावरच्या डब्याला स्वतःची मतं असतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मागे घेताना मी चाक डावीकडे फिरवलं की डबा उजवीकडे जायचा. मी उजवीकडे फिरवलं की डावीकडे. उल्का म्हणाली, "घरातलं एक तरी माणूस तुमचं ऐकतं का? मग डबा का ऐकेल?"

पहिल्याच सफरीत चारबागच्या चौकात गाडी एकीकडे आणि डबा दुसरीकडे अशी आमची घडी झाली. चाळीस कुली सामान खाली ठेवून मला सल्ले देत होते. "साहब, स्टेअरिंग काटिए! अब सीधा! अरे, दूसरी तरफ वाला सीधा!" शेवटी डबा सोडवून त्यांनीच हातांनी ढकलला. सव्वीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाचा डबा कुलींनी ढकलला! दुसऱ्या सफरीत तो इंदिरा नगरातल्या आमच्याच गल्लीत शिरला आणि तीन दिवस बाहेर निघाला नाही. आमच्या चौदा वर्षांच्या कन्येने, अंतराने, तेवढ्यात त्याच्यासमोर उभं राहून अठरा फोटो काढले.

पण मी हरणारा नव्हे! मला साक्षात्कार झाला. डबा गाडीच्या मागे नकोच, तो गाडीच्या पाठीवर हवा! मी जुनी पिकअप घेतली आणि नन्हे मिस्त्रीने आमच्या दारात येऊन तिच्या हौद्यात नवा डबा बसवला. आता वळणं नाहीत, घडी नाही. गाडी जाईल तिथे डबा जाणारच, बिचारा करतो काय! मागच्या बाजूला मी एक झडप केली. ती वर उचलली की सावली, आणि खालची फळी उघडली की ओटा. रस्त्याच्या कडेला उभं राहून माणसाने आरामात स्वयंपाक करावा. मिस्त्रीकडे केशरी रंग उरला होता, तोच सगळीकडे फासला. टपावर मी कराडहून आणलेला भगवा झेंडा लावला. अशी काही दिसायला लागली गाडी!

या गाडीने आम्ही कराडला निघणार होतो. माझ्या सासूबाईंचं, माईंचं, सहस्रचंद्रदर्शन शनिवारी होतं. उल्काने रेल्वेची तिकिटं दोन महिन्यांपूर्वी काढली होती. ती मी रद्द करायला लावली.

"हे बघा," उल्का म्हणाली, "मी एक्क्याऐंशी वर्षांच्या आईला एक्क्याऐंशी लाडू नेणार आहे. बुंदीचे. स्वतःच्या हातचे. ते तिथे पोचले पाहिजेत. मी पोचले नाही तरी चालेल."

यामागचं दुखणं मला ठाऊक होतं. माईंनी लेकीच्या लाडवाला आजवर एकदाही बरं म्हटलेलं नाही. आमच्या लग्नातल्या रुखवताचा लाडू चाखून त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, "हा काय पाटा-वरवंट्यासोबत द्यायचाय?" ते वाक्य उल्का बावीस वर्षं विसरलेली नाही. या वेळी तिने तीन दिवस झारा आपटला, दोनदा पाक बिघडला म्हणून ओतून दिला, रडली, पुन्हा केला. लाडू खरंच सुरेख झाले होते. मी एक मागितला तर माझ्या हातावर चापट बसली.

मंगळवारी सकाळी निघायचं ठरलं. अंतरा म्हणाली, "मम्मी, मंगल को मत निकलो ना. बड़ा मंगल है, सब जगह जाम रहेगा."

इथे परगावच्या वाचकांना सांगायला हवं. ज्येष्ठातला प्रत्येक मंगळवार म्हणजे बडा मंगल, आणि त्या दिवशी अख्खं लखनौ मारुतीच्या नावाने रस्त्यावर उतरतं आणि दिसेल त्याला जेवू घालतं. पुरी, बटाट्याची भाजी, बुंदी, सरबत. कोण, कुठला, कुणी विचारत नाही. याला भंडारा म्हणतात. आम्हाला इथे चार वर्षं झाली, पण आमचा प्रत्येक मे महिना कराडला जातो. त्यामुळे हे सगळं फक्त ऐकून माहीत.

उल्काने भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरवर बोट ठेवलं. "वैशाख वद्य पंचमी! ज्येष्ठ लागायला अजून दहा-अकरा दिवस आहेत. कॅलेंडर खोटं बोलतं का?"

"मगर मेरी सारी फ्रेंड्स बोल रही हैं..."

"तुझ्या मैत्रिणींना वैशाख तरी माहितीये का?" मी म्हणालो. विषय संपला.

सकाळी सात वाजता मी स्टार्टर मारला आणि पाचव्या मिनिटाला कॉलनीच्या कमानीखाली अडकलो. डबा चार बोटं उंच! लांबी मोजली होती, रुंदी मोजली होती, वजन तर तीनदा केलं होतं. उंची राहिली. उल्काने माझी मोजपट्टी काढून माझ्याच मांडीवर ठेवली. मी चारही चाकांची निम्मी हवा सोडली आणि गाडी मांजरासारखी अंग चोरून बाहेर आली. हवा भरायला इंदिरा नगरात थांबलो असतो तर संध्याकाळपर्यंत सगळ्या कॉलनीला कळलं असतं. म्हणून तसेच, बैलगाडीच्या वेगाने, थेट सरोजिनी नगरला नन्हे मिस्त्रीकडे निघालो.

वाटेत जागोजाग मांडव उभे राहत होते. कढया चढत होत्या.

"पापा, देखो!" अंतरा म्हणाली.

"लग्नसराई आहे," मी म्हणालो.

साडेनवाला पोचलो तर मिस्त्रीचं दुकान उघडं आणि मिस्त्री गायब. आजूबाजूच्या सगळ्याच दुकानांत माणूस नाही. कानपूर रोडच्या कडेला, रणरणत्या उन्हात आम्ही उभे. दहा वाजले. अंतराला भूक लागली. उल्का म्हणाली, "पीठ भिजवलेलंच आहे वाटेसाठी, भाजीही आहे. चार पुऱ्या तळते." मी मोठ्या ऐटीत झडप उचलली, ओटा उघडला, शेगडी पेटवली. आपल्या डिझाइनचा पहिला उपयोग! मला अगदी भरून आलं.

पहिली पुरी फुगली तेव्हा एक रिक्षावाला समोर उभा होता. हात जोडून म्हणाला, "जय बजरंगबली, माताजी!" आणि ओंजळ पुढे केली.

दारात आलेल्याला विन्मुख पाठवणं आमच्या घरात बसत नाही. उल्काने त्याला दोन पुऱ्या आणि भाजी दिली. तो चाटूनपुसून खाऊ लागला. मी मान वर केली तर त्याच्यामागे सहा जण. त्यांच्यामागे एक शाळेची बस.

"अहो, हे काय?" उल्काने विचारलं.

"भूक लागली असेल," मी म्हणालो. एवढंच सुचलं.

पंधरा मिनिटांत रांग पेट्रोल पंपापर्यंत गेली! मी ओट्यापुढे हात पसरून उभा राहिलो. "भाई साहब, ये भंडारा नहीं है! ये हमारी गाड़ी है!"

"हाँ हाँ, गाड़ी ही तो है!" एक गृहस्थ कौतुकाने म्हणाले. "चलता-फिरता भंडारा! क्या दिमाग लगाया है आपने!"

"अरे, हम कराड जा रहे हैं!"

"जाइए, जाइए, पहले सब्जी तो दीजिए."

केशरी गाडी, भगवा झेंडा, गरम पुरी! माझ्याच हातची सगळी करणी. तेवढ्यात हवालदार तिवारी शिट्टी वाजवत आले. मला वाटलं, सुटलो! त्यांनी येऊन रांग सरळ केली. "लाइन से आइए! माताएँ-बहनें इधर! अंकल, आप जल्दी-जल्दी बेलिए!"

म्हणजे मी लाटायला लागलो हो! रेल्वेचा सीनियर इंजिनिअर, कानपूर रोडवर, पुऱ्या लाटतोय! पीठ संपलं म्हणावं तर कुणीतरी आख्खं पोतं आणून ठेवलं. तेल संपलं तर डबा आला, मागोमाग भाजीचं पातेलंही आलं. चारबागला माझा डबा ढकलणाऱ्या त्याच लखनौच्या माणुसकीने मला सगळ्या बाजूंनी घेरलं.

"जुना डबा असता तर सोडून पळालो तरी असतो!" उल्का झारा उगारत ओरडली. "हा बसलाय मानगुटीवर!"

"गाडी काढतो!" मी म्हणालो.

"चाकांत हवा आहे का?"

नव्हती. शिवाय आमच्या पुढे-मागे आता आणखी दोन भंडारे लागले होते.

रांगेतल्या एका वयस्क पंडितजींना मी काकुळतीने विचारलं, "पंडितजी, आज जेठ कैसे? हमारे कैलेंडर में तो वैशाख है!"

ते पुरी चावत शांतपणे म्हणाले, "आपका महीना अमावस्या पर बदलता है, हमारा पूर्णिमा पर. आपका जेठ पंद्रह दिन लेट चलता है, बाबूजी."

रेल्वेच्या माणसाला लेट म्हणून सुनावलं! आणि तेही बरोबर होतं.

बारा वाजता भाजी संपली. मी हुश्श केलं. पण रांग हलेना. इतक्यात मागून अंतराचा आवाज आला, "प्रसाद ले लीजिए! एक-एक ही मिलेगा!"

उल्काच्या हातातला झारा कढईत पडला.

आम्ही दोघं डब्यात धावलो. वरच्या फळीवरचं मोठं स्टीलचं पातेलं अंतराने खाली घेतलं होतं. बाजूच्या खिडकीतून तिने एकटीने, भक्तिभावाने, शिस्तीत, एक्क्याऐंशी लाडू वाटले होते. तळाला थोडा चुरा होता.

"मम्मी, लोग खाली हाथ जा रहे थे," ती म्हणाली. मग तिने आईचा चेहरा पाहिला आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.

उल्का ओरडेल असं मला वाटलं. ती पायरीवर बसली. पिठाने माखलेले हात मांडीवर ठेवून म्हणाली, "या वेळी छान झाले होते हो." बस. मला इतकं वाईट वाटलं, की सव्वीस वर्षांचा अनुभव आणि ती पिकअप दोन्ही कुणीतरी प्रसाद म्हणून घेऊन जावं असं झालं.

हवालदार तिवारी तोंडातला लाडू संपवत आले. "बहनजी रो क्यों रही हैं?"

मी सगळं सांगितलं. आई, एक्क्याऐंशी वर्षं, तीन दिवस, शनिवार. तिवारींचा घास अडकला. त्यांनी टोपी सारखी केली आणि शेजारच्या भंडाऱ्याचा माइक हिसकावून घेतला. "सब लोग ध्यान दें! एक माताजी के जनमदिन का लड्डू हम लोग गलती से खा गए हैं!"

मग जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. एकाने अर्धा खाल्लेला लाडू परत आणला! त्याला हात जोडून परत पाठवला. पण पलीकडच्या भंडाऱ्यातून एक परात बुंदी आली. समोरून बादलीभर आली. कुठून कुठून द्रोण येत राहिले. "अम्मा को हमारा परनाम कहिएगा!" पातेलं शिगोशीग भरलं. तेवढ्यात नन्हे मिस्त्री कुठल्याशा भंडाऱ्यातून सरबत वाटून परतले, त्यांनी हवा भरली, तिवारींनी शिट्टी मारून रस्ता काढून दिला, आणि आम्ही संध्याकाळी पाचला लखनौ सोडलं.

पुढे प्रत्येक मुक्कामाला उल्का त्या बुंदीला तूप-वेलची लावून लाडू वळत बसली. मोजून एक्क्याऐंशी. माझ्याशी एक शब्द न बोलता.

शनिवारी माईंना ओवाळलं, दिव्यांचं तबक फिरलं. मग माईंनी लाडू उचलला. माईंनी एक घास घेतला, डोळे मिटले, आणि सगळ्या गोतावळ्यासमोर म्हणाल्या, "उल्के! पन्नाशी आली तेव्हा कुठे लाडू जमला गं तुला! काय मऊ झालाय! कुणाकडून शिकलीस?"

"नानी, वो तो लखनऊ के..." अंतराने तोंड उघडलं. उल्काने त्यात एक आख्खा लाडू कोंबला.

मग तिने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरलेले होते आणि ओठ थरथरत होते. हसू की रडू, ते तिचं तिलाही कळत नसावं. मी छताकडे बघत राहिलो. तोंड बंद ठेवायची अक्कल मला एकदाच आली, ती तेव्हा.

"आता दिवाळीलाही अस्सेच करून आण हो," माई म्हणाल्या. "पिंपभर!"

"आणीन की," उल्का म्हणाली. "हे आहेत ना मदतीला."

दिवाळीत बडा मंगल नसतो. मी दोन्ही कॅलेंडरं पाहिली.