शून्य गुणांचे गेन्चो आजोबा

माणूस दारात आला की त्याची स्मरणशक्ती कशी आहे ते मी ओळखते, असं मी सोफिया शहरातल्या ऑफिसात छातीठोकपणे सांगत असे. म्हणून तर स्मृतिभ्रंशाच्या पाहणीत डोंगरातलं ते म्हाताऱ्यांचं गाव माझ्या गळ्यात पडलं.

चाचणी सोपी. पाच शब्द सांगायचे : पूल, ढोल, कात्री, माळ, दोर. लगेच म्हणून घ्यायचे आणि इकडचं तिकडचं विचारून झालं की पुन्हा एकदा.

पहिल्या त्सोना आजी. अंगणात मिरच्या भाजता भाजता त्यांनी दोन्ही वेळा पाचही शब्द बिनचूक सांगितले. शेजारच्या घरी मात्र मी तोंड उघडण्याआधीच म्हातारबुवा सुरू झाले, "पूल, गाढव, कात्री, माळ, दोर." पुढच्या घरी नवराबायकोनं तेच एका सुरात म्हटलं. गाढवासकट.

मी तडक त्सोना आजींकडे परत.

"आजी, गावभर शब्द फोडलेत?"

"मग काय करू? नापास होईल त्याला शहरातल्या वृद्धाश्रमात टाकणार म्हणे."

"कोण म्हणे?"

"मीच म्हणे."

"कुणाला कुठे नेणार नाही हो. आणि हे गाढव कुठून आलं?"

"ढोल कुणाच्या लक्षात राहीना. गाढव सगळ्यांच्या ओळखीचं."

आता कोरं असं एकच घर उरलं, गेन्चो आजोबांचं. त्यांना शिकवून उपयोग नाही म्हणून आजींनी त्यांचा नाद सोडला होता. त्यांच्या बायकोनं, रादा आजींनी, दार अर्धवट उघडलं.

"ते घरात नाहीत."

मागे आजोबा अक्रोड फोडत बसले होते.

मी आत शिरलेच. शब्द सांगितले. आजोबा म्हणाले, "फूल, गोल, रात्री, बाळ, चोर."

मी शून्य लिहिलं. रादा आजींचे डोळे भरून आले.

"दोन वर्षं हेच चाललंय गं. मीठ मागितलं तर पीठ आणून देतात. पण नेऊ नका यांना. यांच्या वाटचं मी लक्षात ठेवते ना."

तरी नियम म्हणजे नियम. शेवटी मी पाच बोटं नाचवून मघाचे शब्द विचारले.

"फूल, गोल, रात्री, बाळ, चोर." खडाखडा, त्याच क्रमानं.

मी कागद खाली ठेवला. मग त्यांच्या कानाशी तोंड नेऊन पाचही शब्द ओरडले. बाहेर कुत्री भुंकायला लागली.

"पूल, ढोल, कात्री, माळ, दोर," आजोबा म्हणाले. "पोरी, मघाशी पुटपुटत का होतीस?"

डॉक्टरांनी त्यांच्या कानांतून जो मळ काढला, त्यात कांदे लावता आले असते.

पुढच्या आठवड्यात गेले, तर रादा आजींनी चीज भरलेली गरम बानित्सा पुढे ठेवली, पण चेहरा जरा उतरलेला.

"उपकार झाले बाई तुझे. पण दोन वर्षं यांच्याबद्दल मनात येईल ते मी यांच्यासमोरच मोठ्यानं बोलत आले. आता ती सवय सुटता सुटत नाही."

आतून आजोबांचा आवाज आला, "हेही ऐकलं."