शर्विलचा अधिकृत माहितीपट

शर्विल थोरात याच्या आयुष्यावरचा पहिला माहितीपट आला तेव्हा शर्विल सात महिन्यांचा होता आणि पाठीला उशी लावली तर बसत होता.

माहितीपट चांगला होता. हिंगणवेळसारख्या गावातून निघून कराटेच्या जोरावर जगभरच्या पडद्यावर पोचलेला मुलगा, हवेत दोनदा फिरून बसणारी त्याची ती प्रसिद्ध लाथ, परदेशी दिग्दर्शकांच्या आणि स्वतः शर्विलच्या मुलाखती. मयूरीने तो नाचणीचं सत्त्व भरवता भरवता पाहिला. पडद्यावरचा शर्विल कपाळाने कौलं फोडत होता आणि मांडीवरचा शर्विल चमचा ढकलून देत होता. आईबद्दल त्यात दोन वाक्यं होती. ‘आई फार काळजी करायची. तिचा विरोध होता, म्हणूनच तो इतक्या जिद्दीने शिकला.’ मयूरीने ती पुन्हा पुन्हा ऐकली आणि आपण जरा जास्तच काळजी करतो की काय, याची तिला काळजी लागली.

गावात कुणाला नवल वाटलं नाही. शेजारच्या निकमकाकू साखर न्यायला आल्या आणि शेवटपर्यंत बसून राहिल्या.

“मोठ्या माणसांचे आधीच येतात गं,” त्या म्हणाल्या. “नंतर येऊन उपयोग काय? तेव्हा त्यांना बघायला सवड नसते.” मग एक उसासा टाकून म्हणाल्या, “आमच्या प्रथमेशचा काही आला नाही. बारावीला बसलाय, अजून कशाचा पत्ता नाही. तुझं बरंय बाई. ठरलेलं तरी आहे.”

ठरलेलं होतं, हीच तर अडचण होती. माहितीपटाच्या शेवटी, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, शूटिंग चालू असताना शर्विल एका गोदामाच्या छपरावरून पडतो आणि जातो.

मयूरीचा नवरा अमर साखर कारखान्यात केमिस्ट होता. कुठल्याही गोष्टीकडे तो नमुना घेतल्यासारखा, थोडं लांबून बघायचा. “अगं, चौतिसाला अजून किती वर्षं आहेत,” तो म्हणाला. “तू आत्ता दूध बघ, उतू चाललंय.”

दूध खरंच उतू जात होतं.

सासऱ्यांचं, म्हणजे आप्पांचं, दुःख वेगळं होतं. त्यांची सगळी हयात तालमीत गेली होती. “कुस्ती सोडून लाथा?” ते टीव्हीला विचारायचे. “आमच्या घरात आजवर लाथ मारली ती म्हशीनं.” तरी ते माहितीपट रोज लावायचे. मात्र ‘आजोबांच्या निधनानंतर’ हे शब्द यायची वेळ झाली की उठायचे, मोटर चालू राहिली का बघून येतो म्हणायचे आणि ते वाक्य संपल्यावरच आत यायचे.

मयूरीने ठरवलं, पोराला कराटेच्या वाऱ्यालाही उभं करायचं नाही. मग तिला ते दुसरं वाक्य आठवलं. विरोध करावा तर जिद्द येणार. करू नये, तर सरळच शिकणार. मुलाच्या तोंडात काय घालायचं हे ठरवायला तिला आठवडा लागायचा, आणि इथे कुठूनही गेलं तरी वाट छपराकडेच जात होती.

दुसरा आला तो चित्रपट. तीन तासांचा, गाण्यांसकट. शर्विलचं काम एका गोऱ्यागोमट्या नटाने केलं होतं आणि मयूरीचं काम करणारी बाई फार सुंदर रडत होती. मयूरी रडली की आधी नाक गळायचं. थिएटरात अख्खी आळी आली होती. या चित्रपटात मात्र छप्पर नव्हतं. चौतिसाव्या वर्षी शर्विल गावी येतो, संध्याकाळी नदीवर पोहायला उतरतो आणि वर येत नाही. पाणी हळूहळू सपाट होतं आणि नावं येतात.

“हे काय, छपराचं कुठं गेलं?” निकमकाकू अंधारात मोठ्याने म्हणाल्या. पुढच्या रांगेतून कुणीतरी त्यांना गप्प केलं.

फरक तेवढाच नव्हता. शर्विलने पहिलं पाऊल टाकलं ते माहितीपटात आप्पांच्या तालमीत, लाल मातीवर. चित्रपटात ते मिरजेला, आजोळच्या ओसरीवर. अकराव्या महिन्यात, हे मात्र दोन्हींकडे सारखं होतं.

अकरावा महिना लागला आणि शर्विल न्हाणीघराच्या बोळात, घरंगळत गेलेल्या निळ्या मगाच्या मागे, उठून चालायला लागला. मयूरीने सगळ्यांना हाका मारल्या. अमरने मोबाइल काढला. आप्पांनी डोळे पुसले आणि मातीचा वास रक्तात असतो असं काहीतरी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तो चालला नाही. हट्ट नव्हता, ताप नव्हता. तो पाठीवर पडून स्वतःची पावलं बघत होता. ती कुणीतरी आपल्याजवळ ठेवून गेलंय आणि न्यायला येणार आहे, असं बघत होता. मयूरीने उभं केलं तर पाय कापडासारखे दुमडले. तिसऱ्या दिवशी सकाळी तो धावत स्वयंपाकघरात आला. चौथ्या दिवशी पुन्हा पावलं बघत पडून राहिला.

डॉक्टर मगदुमांनी त्याचे गुडघे वाजवून पाहिले. “पायांत काही नाही,” ते म्हणाले. “मी पडद्यावरचे दोन्ही बघितलेत. तालीम का मिरज?”

“दोन्ही नाही. न्हाणीचा बोळ.”

“ते तुम्हाला माहीत. पडद्यावर एकमत नाही ना. ज्याच्यावर एकमत नाही ते एक दिवस होतं, एक दिवस होत नाही. गोळ्यांनी काही व्हायचं नाही. तिसऱ्याची वाट बघा. तो घरच्यांना विचारून काढतात.”

तिसऱ्यासाठी टिळेकर आले. पन्नाशीचे, मऊ आवाजाचे, चप्पल दाराबाहेर अगदी सरळ काढून ठेवणारे गृहस्थ. कॅमेरा ते स्वतःच लावायचे. आधी पाणी प्यायले, मग त्यांनी रीत समजावून सांगितली.

“हा अधिकृत. यानंतर कुणी काढत नाही. पहिल्या दोघांचं जिथे पटलंय, तिथे मी हात लावू शकत नाही. जिथे पटत नाही, तिथे आईचा शब्द शेवटचा. सुरू करू? शर्विल कसा होता?”

शर्विल जमिनीवर बसून त्यांच्या माइकची वायर तोंडात घालत होता.

“आत्ता तुमची वायर खातोय,” मयूरी म्हणाली.

“छान. फक्त ‘खायचा’ म्हणा, ताई. ‘तो वायरी खायचा.’”

“तो वायरी खायचा,” मयूरी म्हणाली. तिने वाकून त्याला उचललं आणि घट्ट धरलं. त्याला ते आवडलं नाही.

न्हाणीघराच्या बोळाचं तिने नीट सांगितलं. टिळेकरांनी बोळाचं चित्रण केलं, निळ्या मगाचंही केलं. आप्पा दारात उभे राहून म्हणाले, “न्हाणीत? जगभर दाखवणार हे?” पण दुसऱ्या दिवशी शर्विल चालला, तिसऱ्या दिवशीही चालला आणि मग चालतच राहिला. मयूरीने आळीत पेढे वाटले. आपल्या शब्दाला इतकं वजन असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. घरात तर तिच्या सांगण्यावरून कुणी पंखासुद्धा बंद करत नसे.

आठवड्याने टिळेकर उरलेल्या मुलाखतीला आले.

“आता शेवट,” ते म्हणाले. “छप्पर की नदी?”

मयूरीने तयारी केली होती. “म्हातारपण,” ती कॅमेऱ्याकडे बघून ठाम आवाजात म्हणाली. “नव्वदीला, झोपेत. नातवंडं जवळ होती.”

टिळेकरांनी कॅमेरा थांबवला. त्यांना वाईट वाटल्याचं दिसत होतं. “सगळ्या आया हेच म्हणतात. पण चौतिसावर दोघांचं पटलंय, ताई. ते माझ्या हातात नाही. गेला, यावरही पटलंय. कसा गेला, तेवढं तुमच्याकडे आहे.”

“त्याला लागतं का? छपरावरून?”

“पहिल्यात दाखवलेलं नाही.”

“आणि नदीत?”

“दुसऱ्यात तिथे संगीत आहे.” माइकची वायर सरळ करत ते म्हणाले, “बहुतेक घरं छप्पर घेतात. लवकर आटपतं. नदीत शोधाशोध असते.”

दुधाची बाटली घेताना मयूरीने चार दुकानं पालथी घातली होती. तिने एक दिवस मागून घेतला.

त्या संध्याकाळी अमर पाळीला गेला होता. मयूरीने शर्विलला मांडीवर घेतलं आणि दोन्हींचे शेवट पाहिले. छप्पर. नदी. मग पुन्हा छप्पर. काय निवडायचं ते कळेना, म्हणून तिने माहितीपट मागे नेला आणि शर्विलच्या मुलाखतीपाशी थांबली. पडद्यावरचा तो रुंद खांद्यांचा, दाढीचे खुंट वाढलेला माणूस शिस्तीबद्दल इंग्रजीत काहीतरी बोलत होता. बोलता बोलता त्याने डाव्या कानाची पाळी धरली आणि दोन बोटांत चुरत राहिला.

मयूरीने मांडीवर पाहिलं. शर्विलने डाव्या कानाची पाळी धरली होती आणि तो ती चुरत होता. झोप आली की तो हेच करायचा.

एवढी माणसं होती तिथे. दिवे धरणारे, प्रश्न विचारणारे, त्याला महान म्हणणारे. त्याला झोप आलीय हे त्यातल्या एकालाही कळलं नव्हतं.

“अहो, झोपवा ना त्याला,” मयूरी टीव्हीला म्हणाली. पडद्यावरचा माणूस बोलायचा थांबला. पाळी सोडून त्याने सरळ समोर, तिच्या खोलीत पाहिलं, आणि जांभई दिली. मग पुन्हा शिस्तीबद्दल बोलू लागला. आजवर ही जांभई त्या माहितीपटात नव्हती.

सकाळी टिळेकरांनी कॅमेरा लावला. अमर, आप्पा आणि मध्येच आलेल्या निकमकाकू दाराशी उभ्या होत्या.

“मला माहीत नाही,” मयूरी म्हणाली.

“म्हणजे?”

“छप्पर की नदी, मला माहीत नाही. असंच घ्या. आई म्हणाली, माहीत नाही.”

टिळेकरांनी सावकाश चष्मा काढला. “मग एकमत राहणार नाही. कधीच. त्याचा अर्थ कळतोय ना तुम्हाला? चालण्याच्या वेळी पाहिलंत तुम्ही.”

“पाहिलं म्हणूनच सांगतेय.”

“एका गवयाच्या घरी असं राहून गेलंय. बायको एक दिवस सांत्वनाला येणाऱ्यांना चहा करते, एक दिवस त्याच्यासाठी भाजी निवडते. माणसं दमतात हो.”

“मी तशीही दमलेलीच असते,” मयूरी म्हणाली.

“अगं, नीट विचार कर,” अमर म्हणाला. तो पहिल्यांदाच लांबून बघत नव्हता.

बोलले ते आप्पा. “एक दिवसाआड ना? मग काय बिघडलं. पाणीबी एक दिवसाआडच येतंय की. भरून ठेवतो आपण.”

टिळेकरांनी ते वाक्य वगळलं. मयूरीचं ठेवलं. अधिकृत माहितीपट दिवाळीत आला. आईची मुलाखत फार तोकडी वाटते, असं पेपरात छापून आलं, आणि मयूरीला ते दोन दिवस लागून राहिलं.

शर्विल सहा वर्षांचा झाला तेव्हा गावात कराटेचा वर्ग निघाला. मयूरीने विरोध केला. आप्पा ज्या वर्षी जायचे त्या वर्षी गेले. शेवटच्या दिवशीही मोटर बघून येतो म्हणाले होते. शर्विल देशोदेशी गेला, कौलं फुटली, लाथ प्रसिद्ध झाली, मुलाखती झाल्या. त्या मुलाखतीत तो जांभई देतो, यावर नंतर कुणीकुणी लिहिलंही.

चौतिसाव्या वर्षी फोन आला. घरात माणसं जमली, करायचं ते सगळं करून झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी शर्विल मागच्या दाराने आत आला. केस ओले होते आणि तळहातांना पत्र्याचा गंज लागला होता. “आई, भूक लागलीय,” तो म्हणाला. मयूरीने आधी टॉवेल दिला.

तेव्हापासून तसंच चाललंय. त्याचं वय चौतीसच राहिलं, त्यावर एकमत होतं. मयूरीचं वाढत गेलं. आता ती त्याची आजी दिसते. लांबून चाहते हार घेऊन येतात तेव्हा नव्वदीतल्या निकमकाकू फाटकातूनच त्यांना परत पाठवतात. “आज आहे तो. उद्या या.”

तो असतो त्या दिवशी मयूरीचा जीव थाऱ्यावर नसतो. उन्हात निघालास, टोपी घे. जिन्यावर ओलं आहे. इतका वेळ फोनवर कुणाशी बोलत होतास? तो नसतो त्या दिवशी काळजी करण्यासारखं काहीच उरत नाही. त्या दिवशी ती दुपारची गाढ झोपते. लग्नानंतर इतकी झोप तिला कधी लागली नव्हती. उठल्यावर तिला त्याची लाज वाटते, पण झोप लागते.

काल तो जेवायला बसला होता. मयूरीने त्याच्या पानात आणखी एक भाकरी वाढली.

“उद्या शेवग्याची आमटी करते,” ती म्हणाली.

शर्विलने डाव्या हाताने कानाची पाळी चुरली. “आई, उद्या नाही.”

“हो रे. उद्या नाही,” मयूरी म्हणाली. शेंगा तिने पुन्हा कागदात गुंडाळल्या आणि फ्रिजमध्ये मागे सारून ठेवल्या. “मग परवा.”