भोयरकाकांच्या सहा गाड्या

जुनी मोटारगाडी ही वस्तू नसते, ती इतिहासाची साक्षीदार असते, असं भोयरकाकांचं मत आहे. आमच्या ले-आउटमधल्या, म्हणजे कॉलनीतल्या, सहा पुरुषांच्या अनुभवानुसार ती ढकलायची असते.

काका पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे. त्यातले बरेचसे कालवे नकाशातच राहिले, पण त्याचं दुःख त्यांनी कधी केलं नाही. लोक जुन्या गाड्या भंगारात देत होते त्या काळात त्यांनी एकेक करून सहा गाड्या जमवल्या. पहिली जुन्या फ्रीजच्या बदल्यात घेतली. रामटेकला माहेरी गेलेल्या काकू परतल्या, तेव्हा घरात फ्रीज नव्हता आणि अंगणात गाडी होती. काका याला ‘संग्रह’ म्हणत. काकू शेवटपर्यंत ‘कबाड’ म्हणाल्या.

संग्रह ठेवायला त्यांनी मागच्या रस्त्यावरच्या बंद आरामशीनची, म्हणजे लाकूड कापायच्या गिरणीची, टिनाची शेड भाड्यानं घेतली होती. दारावर पाटी लावली: ‘ऐतिहासिक वाहन दालन. पादत्राणे बाहेर काढावीत.’ आत अभिप्रायाची वही होती. तिच्यातले जवळजवळ सगळे अभिप्राय माझ्या अक्षरात आहेत, कारण पोह्यांची प्लेट हातात येण्याआधी वही हातात यायची.

गाड्यांना काका कंपनीच्या नावानं ओळखत नसत. ज्याच्याकडून गाडी घेतली, त्याच्या नावानं ती ओळखली जायची. एक वकीलसाहेब, एक डॉक्टरीणबाई, सगळ्यात लांबलचक होती ते मालगुजार, म्हणजे जुने जमीनदार. शेडमध्ये दोन मोठे कूलर होते. एप्रिल लागला की काका रोज सकाळी त्यांत पाणी भरत आणि खसच्या ताट्या भिजवत. स्वतःच्या घरी पंखा. मी एकदा यावर बोललो, तर म्हणाले, “मले घाम येते, तो पुसता येते. गाडीच्या रबराले तडे जाते. मंग कूलर कोनाले पाह्यजे?”

दर रविवारी सकाळी आठला त्यांचा फोन यायचा, की या बरं जरा, डॉक्टरीणबाई उठून नाही राहिल्या. आम्ही जायचो. मी, बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले देशकर आणि आणखी चौघं. काका स्टिअरिंगवर बसून हुकूम सोडत, आम्ही ढकलत असू. गाडी रस्त्याच्या टोकाच्या कडुनिंबापर्यंत गेली की काका उतरून बॉनेट उघडत, आत हात घालून काहीतरी करत, आणि पुढच्या धक्क्याला ती सुरू होई. “झोप मोडली तिची,” असं ते म्हणत, जणू धक्का त्यांनीच मारला होता. मग शेडमध्ये तर्री-पोहे. काकांच्या हातची तर्री अशी, की खाणारा आपोआप कूलरसमोर सरकायचा आणि तिथून बाराच्या आत उठायचा नाही.

देशकर दर रविवारी धापा टाकत तक्रार करायचे.

“भोयर, तुमच्या या इतिहासाले एक नवी बॅटरी घेऊन द्या ना बा.”

“इतिहास बॅटरीवर चालत नसते, देशकर. त्याले मानसं लागते.”

या थाटाच्या वाक्यांवर माझा कधीच विश्वास बसला नाही. तरी अकरा वर्षं मी ढकलायला जात होतो.

यंदा शेडच्या मालकानं तिथे फ्लॅट बांधायचं ठरवलं. महिनाअखेर जागा खाली करा, नाहीतर गाड्या भंगारवाल्याकडे जातील, असा निरोप आला. काकांचं वय एक्क्याऐंशी, मुलगा कॅनडात, अंगणात जेमतेम स्कूटर मावते. विकण्यावाचून इलाज नव्हता. काकांची अट एवढीच, की सहाही गाड्या एकत्र जाव्यात आणि चालवल्या जाव्यात.

पहिलं गिऱ्हाईक लग्नाच्या लॉनचे मालक. त्यांना मालगुजार फाटकापाशी हवे होते, नवरानवरीच्या फोटोसाठी. इंजिन काढून टाकू, उगाच वजन कशाला, असं ते म्हणाले. काकांनी त्यांना पादत्राणं कुठे काढली ते दाखवलं. दुसऱ्याला वकीलसाहेबांना मधोमध कापून हॉटेलात काउंटर करायचा होता. काकांनी त्याला थंड पाणी पाजून रवाना केलं. महिना संपायला आठ दिवस उरले तेव्हा रायपूरचे एक हौशी गृहस्थ भेटले. सहाही घेतो, सहाही चालवतो म्हणाले. काकांनी किमतीवरून घासाघीस केली नाही. घासाघीस केली ती दिवसावरून. गाड्या रविवारीच न्यायच्या.

त्या रविवारी आम्ही सहाही जण जुने कपडे घालून गेलो. लांबलचक ट्रेलर उभा होता, मागे लोखंडी फळ्यांचा चढ लावलेला. रायपूरहून आलेला मेकॅनिक मोजकं बोलणारा माणूस होता. आम्ही बाह्या सरसावत असताना त्यानं मालगुजारांचं बॉनेट उघडलं, आत पाहिलं, एक वायर जोडली आणि किल्ली फिरवली. मालगुजार एका दमात सुरू झाले.

तो दुसऱ्या गाडीकडे गेला. तीच वायर सुटलेली. जोडली, सुरू. तिसरी, चौथी. सहावी गाडीही सुरू झाल्यावर तो हात पुसत काकांकडे वळला. “चाचा, इनमें तो कोई खराबी ही नहीं. बॅटरी भी नई है.”

अकरा वर्षांच्या रविवारांचा हिशेब आम्ही मनात केला असावा. सहा इंजिनं एका लयीत धडधडत होती आणि काका कूलरच्या टाकीत पाणी किती उरलंय ते बघत होते.

“पयल्यांदा खरंच बंद पडली होती गा,” ते टाकीकडेच बघत म्हणाले. “तुमची काकू जाऊन महिना झाला होता. तुम्ही सहाही जन आले. बसले, खाल्लं, बारा वाजवले.” त्यांनी टाकीत बोट बुडवून पाहिलं. “पुढच्या रविवारी मी वायर काढून ठेवली.”

देशकरांनी घसा साफ केला. मला वाटलं, आता बँकेच्या मॅनेजरचा आवाज लागणार. तो लागला, पण मेकॅनिकवर. “बंद करा भाऊ ते इंजिनं. वायरी काढा. अशा गाड्या चढावर दगा देते.”

गाड्या आपल्या पायांनी दोन मिनिटांत चढतील, असं त्यानं हिंदीत समजावून पाहिलं.

“घाई कोनाले आहे?” देशकर म्हणाले आणि त्यांनी मालगुजारांच्या डिकीवर दोन्ही हात टेकवले.

एकेक गाडी आम्ही ढकलून चढवली. काका प्रत्येक गाडीत स्टिअरिंगवर बसले, काच खाली करून हुकूम सोडत, नजर समोर. मालगुजारांना चार प्रयत्न लागले. चौथ्याला मेकॅनिकही खांदा लावून मोकळा झाला. शेवटची गाडी चढली तेव्हा एक वाजून गेला होता आणि पोह्यांच्या पातेल्यात काही उरलं नव्हतं.

मग मेकॅनिकनं पावती भरली. ‘गाड्यांची स्थिती’ या रकान्यात त्यानं लिहिलं: सहाही चालू. त्याखाली ‘ट्रेलरवर चढवण्याची पद्धत’ असा रकाना होता. तिथे त्यानं आमच्याकडे एकदा बघून लिहिलं: धक्का.