गहन सरांचे विद्यार्थी

एका जंगलात, बाळांनो, एक महाविद्यालय होते. हसू नका. जंगलात बोलणारा कोल्हा असतो, हे तुम्ही निमूटपणे ऐकून घेता. मग महाविद्यालयानेच काय घोडे मारले आहे? वडाखाली वर्ग भरत आणि गवा प्राचार्य होता.

तिथे चपलांग नावाचा मुंगसाचा मुलगा शेवटच्या वर्षाला होता. घरी त्याला चप्या म्हणत. विषय अर्थातच सर्पयुद्ध. मुंगसाच्या पोटी जन्मल्यावर चित्रकला थोडीच घेता येते!

त्याच्या आबांना, म्हणजे वडिलांना, या विषयाची भारी काळजी. आबांचा थोरला भाऊ नागाच्या दंशाने गेला होता. पकड जराशी चुकली आणि खेळ संपला. म्हणून आबा रोज सकाळी बिळाच्या तोंडाशी येऊन हाक मारत.

"चप्या, ऊठ लेका. पिंपळाच्या मुळीवर पकड घेऊन दाखवतो. हाताखालून गेलं की विसरायचं नाही."

"आबा, ते सगळं मोबाईलवर आहे."

"मोबाईल काय साप धरणार आहे व्हय रं?"

"तुम्हाला नाही कळायचं," असे म्हणून चप्या कूस बदलायचा.

आता मोबाईल जंगलात कसा आला, हे सांगायला हवे. कोल्ह्याने टेकडीवर मनोरा उभारला. पहिला महिना सगळ्यांना फुकट दिला. तुम्ही कोल्ह्याच्या पुष्कळ गोष्टी ऐकल्या आहेत, तेव्हा दुसऱ्या महिन्याचे मी काही सांगत नाही. पण महिनाभरात जंगलाच्या माना खाली गेल्या त्या गेल्याच. माकडांच्या उड्या चुकू लागल्या. मोराने तर लांडोर समोर उभी असताना पिसारा मोबाईलपुढे फुलवला. ती बिचारी वाट बघून निघून गेली.

वडाखाली साळिंदर सर शिकवत. समोर चप्याचा एक मित्र तेवढा बसलेला असे. हजेरीच्या वेळी तो निरनिराळ्या आवाजांत "हजर सर, हजर सर" म्हणे आणि सर खुशाल मांडत. बाकीचे विद्यार्थी आपापल्या बिळात पडून गहन सरांचे व्हिडिओ बघत.

गहन सरांना कोणी पाहिलेले नव्हते. पडद्यावर एक कमळ दिसे आणि मागून आवाज येई. पण आवाज काय होता! खोल, घुमणारा. ऐकले की वाटायचे, हे गृहस्थ पार ज्ञानाच्या तळाशी जाऊन बसलेले दिसतात.

"विद्यार्थीमित्रहो," सर पहिल्या भागाच्या शेवटी म्हणत, "चपळाई आपण पाहिली. आता सर्वांत महत्त्वाचे. सापाला दातांनी नेमके कुठे पकडायचे? हे आपण दुसऱ्या भागात पाहू."

चप्याने दुसऱ्या भागाची लिंक जतन करून ठेवली. नंतर बघू म्हणाला. जतन केले की निम्मे पाठ झाल्यासारखे वाटते, हे तुम्हालाही ठाऊक आहे. उगाच भोळे चेहरे करू नका.

होता होता परीक्षा आली. गवा प्राचार्यांनी सूचना दिली. "प्रात्यक्षिक उद्या सकाळी वारुळापाशी. समोर ओढ्यापलीकडच्या महाविद्यालयाचा नाग असेल. जो जिवंत परत येईल, तो पास."

 चप्याने मित्रांच्या गटावर विचारले, "पकड कुठे घेतात रे?" गटात सारे रान होते. लगेच अंगठ्यांचा पाऊस पडला. कोणी फूल पाठवले, कोणी 'भावा, तू करशील' म्हणून पाठवले. पकड कुठे घेतात, ते कोणीच सांगितले नाही. आबांना विचारावे, असे त्याला एकदा वाटले. पण इतके दिवस ज्यांना 'तुम्हाला नाही कळायचं' म्हटले, त्यांना आता कोणत्या तोंडाने विचारणार? वारुळापाशी गेल्यावर दुसरा भाग पटकन बघून घेऊ, असे त्याने ठरवले.

सकाळी तो वारुळापाशी पोहोचला आणि त्याने मोबाईल काढला. वारूळ होते घळीत. रेंजचा पत्ता नव्हता.

वर बघतो तो समोर नाग. फणा उभारलेला, डुलतोय.  चप्याला खरोखर रडू आले. आईच्या हातचे काही खाऊनही निघालो नाही, असे त्याच्या मनात आले.

नाग डावीकडे डुलला. उजवीकडे डुलला. मग त्याने आणखी उंच होऊन फणा मागे नेला आणि चप्याने डोळे मिटले.

"तुझ्याकडे रेंज आहे का रे?" नागाने विचारले.

चप्याने एक डोळा उघडला. नागाने फण्यावर मोबाईल टेकवला होता. डुलणे चालले होते ते रेंजसाठी.

"नाही," चप्या म्हणाला. "का?"

"दंश कुठे करायचा, ते बघायचं राहिलंय यार. दुसऱ्या भागात आहे."

चप्याचा जीव भांड्यात पडला. पण लगेच त्याला शंका आली. "कोणाच्या दुसऱ्या भागात?"

"गहन सरांच्या."

"काय सांगतोस! ते तर आमचे सर!"

"आमचेही तेच." नाग खाली बसला. त्याचे नाव फणींद्र होते आणि तोही घाबरला होता. "आमच्यात तर सगळे त्यांचंच बघतात. मला वाटलं, तुझं सगळं बघून झालं असेल."

शेवटी दोघांनी ठरवले की टेकडीवर जायचे. तिथे रेंज असते. दोघे शेजारी शेजारी चालू लागले. मात्र चप्याच्या ध्यानात एक गोष्ट आली होती आणि ती फणींद्रच्याही ध्यानात आली असावी. ज्याचा व्हिडिओ आधी उघडेल, तो वाचणार. दुसरा नाही. चप्या त्याच्याकडे बघून हसत होता आणि मनातल्या मनात देवाला नवस बोलत होता.

टेकडीवर पोहोचताच रेंज आली. दोघांनी व्हिडिओ लावला. दोन्ही पडद्यांवर गोल गोल चक्र फिरू लागले.

चप्याचे चक्र आधी थांबले.

फणींद्र अजून मान खाली घालून बसला होता. त्याची मान अगदी समोर होती. नेमके कुठे, एवढेच कळायचे बाकी होते. चप्याला न पाहिलेले थोरले काका आठवले. त्याने दात आवळले आणि कान टवकारले.

"विद्यार्थीमित्रहो," सरांचा आवाज घुमला, "पकड म्हणजे काय? पकड ही मनाची असते. सापाला प्रत्यक्ष धरणे ही जुनी, मागासलेली पद्धत झाली. सापापासून चार हात लांब उभे राहून त्याला मनाने पकडावे."

तेवढ्यात फणींद्रचा व्हिडिओ सुरू झाला. "खरा दंश विचारांचा असतो," तोच आवाज सांगत होता. "दात हे केवळ शोभेसाठी आहेत."

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. आणि मग त्यांनी असे काही केले, जे जंगलात आजवर कोणीच केले नव्हते. त्यांनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला.

शेवटी सर कॅमेरा बंद करायला विसरले होते. कमळाचे चित्र घसरून खाली पडले. मागे शेवाळलेली विहीर दिसली. विहिरीत एका दगडावर बटबटीत डोळ्यांचा एक लठ्ठ बेडूक बसला होता. "हुश्श! झालं एकदाचं," तो बायकोला म्हणाला. "आता सोड पोरांना बाहेर."

चप्या संतापला. मुंगसे बेडूक खातात, नागही खातात, हे तर बालवाडीतले ज्ञान! दोघे तडक विहिरीवर गेले आणि आत डोकावले.

"सर, तुम्ही आम्हाला फसवलंत!" चप्या ओरडला.

बेडकाने वर पाहिले. त्याचा आवाज अजूनही तितकाच खोल होता. "फसवलं? बाळांनो, मी शिकवायला लागल्यापासून माझा एकही विद्यार्थी प्रात्यक्षिकात मेलेला नाही. साळिंदर सरांना विचारा, त्यांचे किती उरले?"

 खाली गार पाण्यात बेडकाची पोरे डुंबत होती. वर दोघांची पोटे गुरगुरत होती. अखेर फणींद्रने अदबीने फणा खाली केला.

"सर, एक शेवटची शंका. बेडूक कसा पकडतात?"

"ते अभ्यासक्रमात नाही," सर म्हणाले आणि त्यांनी पाण्यात बुडी मारली.

दुपारी दोघे जिवंत परतले. ओढ्यापलीकडे फणींद्र पास झाला आणि इकडे गवा प्राचार्यांनी चप्याला पास करून शंभर टक्के निकालाचा फलक वडावर लावायला सांगितला. साळिंदर सरांना मात्र दुसऱ्याच दिवशी मागच्या वर्षांच्या कमी निकालाबद्दल नोटीस गेली.

आबा बिळाबाहेर सकाळपासून उभे होते. त्यांनी चप्याला जवळ ओढले, मानेवर, पोटावर, शेपटीवर हात फिरवून पाहिला. कुठे खरचटलेलेही नव्हते.

"धरलास का रं नाग?" त्यांनी विचारले.

"मनानं धरला, आबा."

आबांना त्यातले काही कळले नाही. पण पोरगा घरी आला होता. त्यांचे डोळे भरून आले आणि ते रागावायचे विसरले. पुन्हा कधी त्यांनी पिंपळाच्या मुळीचे नाव काढले नाही.

हल्ली चप्या आणि फणींद्र रोज टेकडीवर भेटतात. झाडाखाली पडलेली उंबरे खातात. फणींद्रला ती पचत नाहीत, पण दुसरे काही पकडता येत नसल्यामुळे तो तक्रार करत नाही. विहिरीत बेडकांना बसायला जागा उरलेली नाही.

तात्पर्य : अर्धवट ज्ञान घातक असते, असे मोठी माणसे सांगतात. त्यावर विश्वास ठेवू नका. अर्धवट शिकून खुशाल सुखात राहावे. फक्त आपला शत्रूही त्याच सरांकडे शिकतो ना, एवढी चौकशी प्रवेश घेण्यापूर्वी करून घ्यावी.