मालाला गेलेल्या यमुनाकाकी

आमच्या समोरच्या दारावर दुपारी तीन वाजता एक पुठ्ठा लागतो. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं : मालाला गेले आहे. पाचला येईन. कुरिअरवाला तो वाचतो, मान डोलावतो आणि पाकीट माझ्याकडे देऊन जातो. त्याला बिचाऱ्याला काय माहीत की यमुनाकाकी दाराच्या आत, बारा पावलांवर, कॉम्प्युटरसमोर बसलेल्या आहेत. पण त्या खोटंही बोलत नाहीत. त्या वेळी त्यांचं जहाज एका ताऱ्याकडून दुसऱ्या ताऱ्याकडे निघालेलं असतं आणि जहाजात चाळीस पेट्या तांबं असतं.

काकी मूळच्या पालेगावच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. लग्नानंतर काका अंबरनाथला फॅक्टरीत आणि काकींचं उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये ड्रेस मटेरियलचं दुकान. तीस वर्षं त्यांनी सिंधी व्यापाऱ्यांच्या शेजारी बसून त्यांच्याहून पक्का धंदा केला. काका गेले, मग गुडघे गेले, मग दुकान गेलं, आणि काकी कात्रपला आमच्या समोर राहायला आल्या. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्या एका जागी बसाव्यात म्हणून पुण्याच्या मुलीने आपला जुना कॉम्प्युटर आणून ठेवला आणि त्यात जगभरातले लोक खेळतात तो हा अंतराळातला खेळ यमुना या नावाने घालून दिला. तिला वाटलं, आई ग्रहबिह बघेल. आईने पहिल्याच दिवशी विचारलं, "हितं काय स्वस्त मिळतं?"

मी शाळेत इंग्रजी शिकवते. त्यामुळे पडद्यावरची वाक्यं वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. "वर्षा, जरा ये गं, हा काय बोलतो बग," अशी हाक आली की मी कणकेच्या हातानेच जाते.

त्या खेळातल्या ताऱ्यांची नावं म्हणजे गाड्यांच्या नंबरप्लेटा. काकींनी त्यांचं सरळ बारसं केलं. जिथे बाजार मोठा, त्याचं नाव कॅम्प दोन. एका ठिकाणी कधीही गेलं तरी नवीन बांधकाम चालू असतं, ते त्यांचं हल्लीचं माहेर, पालेगाव. "काल पालेगावला सिमेंट टाकून आले," असं त्यांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांगितलं तेव्हा सेक्रेटरीने कुठल्या बिल्डरचं काम म्हणून चौकशी केली होती.

भाव तिथला कॉम्प्युटरच ठरवतो. घासाघीस करायची सोयच नाही. काकींना हे मान्य नाही. "काय साईं, कालच्यापेक्षा चढवला?" असं दुकानाशेजारच्या सिंध्यांना विचारावं तसं पडद्याला विचारून त्या उठतात, स्वयंपाकघरात जाऊन डाळ निवडतात आणि दहा मिनिटांनी परत येतात. मधल्या वेळात कधीकधी भाव खरंच उतरलेला असतो. मग माझ्याकडे बघून म्हणतात, "गिऱ्हाईक उठलं का याची हवा जाते."

जहाजाला मिळालेल्या तोफा त्यांनी काढून विकल्या, कारण त्या जागेत सात पेट्या जास्त मावतात. लुटारू आडवा आला तर दोन पेट्या बाहेर सोडतात. "त्याचं चहापाणी," म्हणतात, आणि पुढे निघतात. दारू मात्र नेत नाहीत. दारूला दुप्पट नफा असतो हे मी एकदा सुचवलं होतं. "गुत्त्यानं आमच्या आळीतली चार घरं बुडवली. माझ्या जहाजात नाय," एवढंच म्हणाल्या. त्यांचं ब्रीद एकच : माल हलला पाहिजे.

एका रविवारी दुपारी त्यांनी मला बोलावलं. चेहरा गंभीर. कुठल्याशा लांबच्या स्थानकावर साथ आली होती आणि औषधांना कधी नव्हे तो भाव होता. काकींनी सगळं भांडवल त्यात घातलं होतं. बाकीचे खेळाडूही तिकडेच धावत होते, म्हणजे जो आधी पोहोचेल त्याची चांदी. आणि वाटेतच पडद्यावर कुणाचा तरी निरोप आला होता.

मी वाचून सांगितलं, "कुणीतरी अडकलंय काकी. इंधन संपलंय. जवळ कुणी आहे का, विचारतोय."

"डिझेल न बगता निघतात," काकी करवादल्या. जहाज पुढे चाललं होतं. थोड्या वेळाने म्हणाल्या, "कुठं हाय, विचार."

तो बराच आडवाटेला होता. जाऊन येऊन अर्धा-पाऊण तास मोडणार. "काकी, तोवर भाव जाईल," मी म्हणाले.

"जाऊ दे. एकट्यानं वाट बगत बसलं का घड्याळ पुढं सरकत नाय. मला म्हाईत हाय." त्यांनी जहाज वळवलं. काका हॉस्पिटलात होते तेव्हा मुलगी पुण्याहून येईपर्यंत त्या बाकावर एकट्याच बसून होत्या, हे मला ठाऊक होतं.

एका निळ्या ग्रहाजवळ ते छोटं जहाज दिवे मालवून उभं होतं. काकींनी त्याला इंधन दिलं. दिवे लागले. त्याने आभार मानले.

"जेवला का, विचार," काकी म्हणाल्या. मी तसं लिहिलं.

उत्तर यायला वेळ लागला. माणूस चौऱ्याहत्तर वर्षांचा होता, कुठल्यातरी बर्फाळ देशातला. त्याने लिहिलं होतं की आजवर बायको शेजारी बसायची आणि इंधनाकडे तीच लक्ष ठेवायची. ती गेल्यावर आज पहिल्यांदाच तो एकटा निघाला होता. हा ग्रह तिचा आवडता.

मी हे मराठीत सांगितलं. काकींनी चष्मा काढून पदराने पुसला. "त्याला सांग, पुढच्या ठेसनापर्यंत मी मागं मागं येते."

औषधांचा भाव अर्थातच पडला होता. काकींनी मिळेल त्या भावाला माल उतरवला आणि परतीचा भरायला घेतला.

महिन्याभराने एका रविवारी मी वालाच्या बिरड्याचा डबा द्यायला गेले. पडद्यावर तोच निळा ग्रह होता आणि दोन जहाजं शेजारी शेजारी थांबली होती. काकींच्या जहाजात माल ठासून भरलेला दिसत होता.

"काही लिहायचंय का त्यांना?" मी विचारलं.

"नाय गं. तो बगत बसतो, मी बी बसते. निघताना तेवढं डिझेलचं विचारायचं."

जरा वेळाने त्यांनी स्वतःच, एका बोटाने, एकेक अक्षर शोधत टाइप केलं : फ्युएल ओके?

उत्तर आलं : ओके. थँक यू, यमुना.

मुलगी त्यांना आई म्हणते, अख्खी बिल्डिंग काकी म्हणते, कॅम्प दोनचे लोक शेठाणी म्हणायचे. नुसतं यमुना म्हणणारं काकांच्या मागे कुणी उरलं नव्हतं. काकी ती ओळ बघत राहिल्या. मी डबा ओट्यावर ठेवला आणि दार हळूच ओढून घेतलं.