गिरणीतली ताई

माझ्या गिरणीत बाकड्यावर एक ज्वारीचं पोतं बसलेलं असायचं. त्याला पुरुषाचा पांढरा फुल शर्ट घातलेला, बाह्यांत ज्वारी भरलेली, मनगटाची बटणं नीट लावलेली. शेजारी डोळे मिटून मिलिंद. कानांत कापसाचे बोळे, एका हाताची बोटं पोत्याच्या मनगटावर आणि दुसरा हात स्वतःच्याच गळ्यावर. पहिल्यांदा दळण घेऊन आलेली बाई हे बघून दारातच थबकायची. मी म्हणायचे, या हो आत, काही नाही, त्याची परीक्षा जवळ आलीय.

मी लातुरात बावीस वर्षं पिठाची गिरणी चालवते. नवरा गेल्यापासून एकटीच. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, कारण मला तेवढी सवडच नाही. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं ऐकून म्हणाल, बाईचं डोकं फिरलं.

मिलिंद मूळचा इथल्या जवळच्याच मुरुडचा. पस्तिशीचा, लग्न न झालेला, एका खासगी दवाखान्याच्या अँब्युलन्सवर पॅरामेडिक. म्हणजे रोगी डॉक्टरपर्यंत पोचेस्तोवर त्याचा जीव धरून ठेवणारा माणूस. आधी नांदेडला होता. तिथलं काम एकाएकी सोडून लातूरला आला आणि माझ्या गिरणीवरची खोली भाड्यानं घेतली. आता त्याला विमानातला पॅरामेडिक व्हायचं होतं. फार अत्यवस्थ रोग्याला हेलिकॉप्टरनं नाहीतर छोट्या विमानानं मोठ्या शहरात नेतात, तेव्हा सोबत असा माणूस लागतो. त्याची वेगळी परीक्षा असते, सगळी इंग्रजीत, हैदराबादला जाऊन कॉम्प्युटरवर द्यायची. एकदा तो नापास झालेला होता.

राहायला आल्यावर दुसऱ्याच दिवशी खाली आला आणि म्हणाला, काकू, तुमच्या गिरणीचा आवाज लई चांगला हाय. बावीस वर्षांत असं म्हणणारा हा पहिलाच. शेजारच्या मास्तरांनी याच आवाजापायी माझ्याविरुद्ध तीन अर्ज दिलेत. मला वाटलं पोरगं टर उडवतंय. पण तसं नव्हतं. हेलिकॉप्टरात इतका गोंगाट आणि इतकी थरथर असते की छातीला नळी लावून काही म्हणजे काही ऐकू येत नाही. सगळं डोळ्यांनी आणि बोटांनी ओळखायचं. "कान बंद, बोटं चालू," हे त्याचं पालुपद. त्याला रोज दुपारी तासभर गिरणीशेजारी बसू द्यायचं, एवढंच मागणं होतं. मी म्हटलं, बस बाबा, पट्ट्यापासून लांब बस म्हणजे झालं.

मग काय, येईल त्याचा हात धरायला लागला. बायका दळणाचा डबा ठेवतात न ठेवतात तोवर यानं मनगट पकडलेलं. कापसामुळं स्वतःचा आवाज कळायचा नाही, म्हणून ओरडून सांगायचा, ब्याऐंशी, चहा कमी करा. कुणाच्या मनगटावर जरा जास्त वेळ बोटं राहिली की त्या माणसाचं तोंड उतरायचं. आमच्या गल्लीतले एक रिटायर्ड कंडक्टर तर दोन मिनिटं तसेच उभे राहून शेवटी मला विचारायला लागले, वहिनी, मी हाय का गेलो? पण त्यांचा ठोका मधूनच चुकतो हे मिलिंदनंच ओळखलं आणि मागं लागून त्यांना डॉक्टरकडं धाडलं. गोळ्या सुरू झाल्या. तेव्हापासून गल्लीनं त्याची टवाळी करणं सोडलं आणि बायका आपण होऊन हात पुढं करायला लागल्या.

उंचीचाही त्याला नाद होता. माळ्यावर चढला की म्हणायचा, आठ हजार फूट, आता पोटातला वारा फुगणार. मुलांच्या हातातलं कुरकुऱ्यांचं पाकीट दिसलं की थांबवून समजावणार, हे विमानात न्या, कसं टम्म होतंय बघा, माणसाच्या छातीत बी तसंच. मुलं ऐकत उभी राहायची. खातानाही पाकिटावर नजर ठेवायची.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. मला खटकायचं ते पोतं.

एक तर अंगात पुरुषाचा शर्ट, आणि हा त्याला म्हणायचा ताई. गिरणी सुरू असताना त्याचे ओठ हलताना दिसायचे, शब्द कळायचे नाहीत. मला वाटायचं पाठांतर करतोय. पोत्याच्या शेजारच्या जागेवर कुणी बसायला गेलं तर हातानं अडवायचा. संध्याकाळी वर जाताना पोत्याच्या खांद्याला हलकेच हात लावून जायचा, घरातल्या माणसाला सांगून निघाल्यासारखा. चार-पाच बाया समोरचं बाकडं मोकळं असूनसुद्धा उभ्या राहून दळण न्यायला लागल्या. मी त्यांना हसायचे आणि मीही त्या पोत्याकडं पाठ करून बसायचे नाही.

एके दिवशी भर दुपारी गिरणी जोरात, पाच-सहा बायका रांगेत, आणि लाईट गेली. पट्टा फडफडत थांबला. एवढ्या आवाजानंतर जी शांतता होते ती कानात दुखते. मिलिंदच्या कानांत बोळे, डोळे मिटलेले, त्याला काही पत्ताच नाही. तो बोलत होता. मोठ्यानं, अगदी प्रेमानं. "ताई, उस्माननगर मागं गेलं. आता नांदेड आलंच बघा. नाडी चालू हाय तुमची. पायापाशी मालक बसलेत. घाबरू नका." आणि मग थांबला. समोरचं माणूस उत्तर देत असावं तसा मान हलवत राहिला.

एकीच्या हातातला डबा खाली पडला. कुणीही हसलं नाही. उन्हाळ्याचे दिवस, दारावरचा पत्रा तापलेला, आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मिलिंदनं डोळे उघडले, सगळ्यांकडं बघितलं, बोळे काढले आणि वर निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तो ड्युटीवर होता. गिरणी बंद, मी एकटी पीठ झाडत होते, पोतं बसलेलं. म्हटलं, आता सोक्षमोक्ष लावू. बाकड्यावर बसले, त्याच्यासारखीच मनगटावर बोटं दाबून धरली. आधी नुसती ज्वारी लागली. मग, देवाशप्पथ सांगते, बोटांखाली काहीतरी हललं. टक. टक. टक. मी बोटं आणखी दाबली तर आणखी जोरात लागलं. मी उठले ती थेट रस्त्यावर. पायात चप्पल नाही, गिरणीला कुलूप नाही. मास्तरांच्या ओट्यावर जाऊन बसले, ज्यांच्याशी मी सात वर्षं बोलत नव्हते. त्यांच्या बायकोनं पाणी दिलं.

मिलिंद आल्यावर त्याला धारेवर धरलं. म्हटलं, हे पोतं आत्ताच्या आत्ता हलव, त्याला नाडी आहे. मला वाटलं हसेल. तो खालीच बसला. म्हणाला, "तुम्हाला बी लागली?" इतक्या आशेनं त्यानं विचारलं की माझा राग कुठल्या कुठं गेला.

मग त्यानं सांगितलं. ती नाडी माझीच होती. आपल्या बोटांच्या टोकांत आपलंच रक्त उड्या मारत असतं. भीती असली, बोटं जास्त दाबली, वरून थरथर असली, की समोरच्याची नाडी लागली असं वाटतं. म्हणून तो दुसरा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवायचा. दोन्ही ठोके एकाच वेळी पडले तर समजायचं, ही आपलीच. सगळे लोक नाडी सापडायची प्रॅक्टिस करतात. हा नाडी न सापडायची करत होता.

नांदेडला असताना कंधारकडच्या एका गावातनं बाई उचलली होती. कापूस वेचता वेचता कोसळलेली. उन्हाचा आणि काट्याकुट्यांचा त्रास होऊ नये म्हणून बाया लुगड्यावर नवऱ्याचा जुना फुल शर्ट घालतात, तसा तिच्या अंगात होता. पायापाशी नवरा, माधवराव. रस्ता खड्ड्यांचा, सायरन चालू, बोटाला लावायच्या चिमट्यावरचे आकडे नुसते नाचत होते. मिलिंद एका हातानं तोंडावरची पिशवी दाबून तिला श्वास देत होता आणि दुसऱ्या हातानं नाडी बघत होता. नाडी लागत होती. म्हणून तो नांदेडपर्यंत तिच्याशी बोलत राहिला आणि नवऱ्याला सांगत राहिला, चालू हाय, चालू हाय. दवाखान्यात डॉक्टरांनी हात लावला आणि म्हणाले, हिला जाऊन बराच वेळ झालाय.

"श्वास बी मीच देऊन राहिलो होतो, काकू," मिलिंद म्हणाला, "आणि नाडी बी माझीच लागून राहिली होती. त्या बाईचं तिथं काहीच नव्हतं. वेळेवर कळलं असतं तर छाती तरी दाबली असती."

मेंदूत एवढा रक्तस्राव झाला होता की छाती दाबूनही उपयोग नव्हता, असं डॉक्टरांनी त्याला दोनदा सांगितलं होतं. याच्या डोक्यात ते शिरत नव्हतं. त्यात त्या माधवरावांनी दवाखान्याच्या दारात हात जोडले होते, म्हणाले होते, तुम्ही तिला नांदेडपर्यंत जित्ती आणली. दर दिवाळीला त्यांचा फोन यायचा. जेवता का वेळेवर, तब्येत कशी आहे, एवढंच विचारायचे. फोन ठेवला की हा दोन दिवस जेवायचा नाही. त्या माणसाला खरं सांगायचं, पण आधी बोटं खरी करायची, असं त्यानं ठरवलं होतं. परीक्षा पास झाल्याशिवाय कंधारची वाट धरायची नाही. परत नापास झालो तर त्या माणसाला तोंड दाखवणार नाही, म्हणाला. आणि तो उगाच बोलणाऱ्यातला नव्हता.

त्या दिवसापासून मी दळण नसलं तरी दुपारी गिरणी मोकळी फिरवायचे. पोत्याला कुणी नाव ठेवलं तर मीच अंगावर जायचे. एकदा तर गिरणीच्या दगडाला टाकी लावताना मी स्वतःच पोत्याला म्हणून गेले, ताई, जरा धूळ उडंल हं. आणि आजूबाजूला कुणी ऐकलं नाही ना ते बघितलं.

मिलिंद हैदराबादला गेला. परीक्षेच्या हॉलमध्ये इतकं शांत होतं की याला पहिली दहा मिनिटं काही आठवेनाच. वर्षभर अभ्यास केलेला गिरणीत. मग यानं डोळे मिटून मनातल्या मनात माझी गिरणी सुरू केली, तेव्हा कुठं गाडी पुढं सरकली. पास झाला. पेढे आणले नाहीत. दारात उभा राहून म्हणाला, काकू, चला माझ्यासंगं, एकट्याला जमायचं न्हाई.

मी गिरणी बंद ठेवली. बसमध्ये सगळी वाट त्याची समजूत काढत होते. म्हटलं, त्या माणसाला तेवढंच समाधान आहे, ते कशाला काढून घेतोस? तू शिकलास, पास झालास, आता दुसऱ्यांना वाचव. तो खिडकीबाहेर बघत होता. म्हणाला, त्यांचं समाधान माझ्या खोट्या नाडीवर उभं हाय. मला राग आला. मग बघितलं, तर त्याच्या एका हाताची बोटं दुसऱ्या हाताच्या मनगटावर होती, आणि मी समजूत काढायचं सोडलं.

माधवराव अंगणात कापसाच्या ढिगापाशी बसले होते. साठीचा, वाळकासा माणूस. याला बघून उठले आणि सुनेला चहा टाकायला सांगितलं. मिलिंद काही बसला नाही. उभ्याउभ्याच त्यानं सगळं सांगितलं, शाळेत उभं केलेल्या पोरासारखं, मान खाली घालून. नाडी माझीच होती, ताई वाटेतच गेल्या होत्या, मी तुम्हाला खोटं सांगत आलो.

माधवरावांनी त्याला हाताला धरून खाटेवर बसवलं. शेजारी आपण टेकले.

मग म्हणाले, "मला म्हाईत होतं, डॉक्टर. तिला तळपायाला हात लावलेला कधी खपला न्हाई. झोपंत बी पाय वढून घ्यायची. मी तिचे पाय चोळून राहिलो होतो. उस्माननगरपाशी तिनं पाय वढायचं सोडलं. तव्हाच वळखलं मी."

मिलिंदनं मान वर केली. मीच विचारलं, मग तुम्ही बोलला का नाहीत?

"हे पोरगं इतकं जीव लावून बोलून राहिलं होतं तिच्याशी," ते म्हणाले. "घामानं भिजलं होतं. म्हणलं, ह्याला नांदेडपतोर तरी कळू नये. मंग दवाखान्यात बी तेच बोललो. फोन बी त्याच्यासाठीच करतो. लई मनाला लावून घेणारं हाय, असं तव्हाच वाटलं होतं."

चहा आला, तो तसाच राहिला. मला रडू आवरेना, आणि मी ते आवरलंही नाही. मिलिंद मात्र माधवरावांकडं एकटक बघत होता. त्याच्या मनात वेगळंच काहीतरी चाललं होतं.

"म्हणजे उस्माननगरपासून नांदेडपर्यंत," तो हळूच म्हणाला, "तुम्ही एकटेच होते."

"एकटा कसा?" माधवराव म्हणाले. "तुम्ही बोलत होते ना तिच्याशी."