सर्व्हिस बुक नंबर सात-ब

अप्पा टेंभेकरांच्या घरचा टेबलफॅन एकदा निलंबित झाला होता. पंधरा दिवस. आरोप असा, की ऐन जेठाच्या रणरणत्या दुपारी, पाहुण्यांच्या देखत, त्यानं मान फिरवायला नकार दिला. रीतसर चौकशी झाली, आतल्या दात्यांत केसांचा गुंता निघाला, फॅन निर्दोष सुटला आणि पुन्हा रुजू झाला. हे मी रचून सांगत नाही. त्या फॅनच्या सर्व्हिस बुकात चौथ्या पानावर लिहिलेलं आहे, खाली अप्पांची सही आहे आणि शिक्कासुद्धा.

अप्पांची नोकरी इथं झाशीतच, रेल्वेच्या वर्कशॉपात गेली. आस्थापना विभागात हेडक्लार्क. हजारो माणसांच्या नेमणुका, रजा, बढत्या, निवृत्त्या त्यांच्या हातून कागदावर उतरल्या. मग एक दिवस त्यांची स्वतःचीच निवृत्ती उतरली, आणि घरी येऊन बघतात तर हाताखाली माणूस एकही नाही. बायको होती, पण तिचं सर्व्हिस बुक काढायची हिंमत अप्पांत नव्हती. मग त्यांनी घरातल्या यंत्रांना नोकरीत घेतलं. मिक्सर नंबर तीन: 'चटणी करताना झाकण उडवले, सक्त ताकीद.' रेडिओ नंबर एक: 'पदोन्नती, हॉलमधून देवघरात.' बायको गेल्यावर मिक्सरला दीर्घ रजा मिळाली, ती अजून चालू आहे.

मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहतो. लक्ष्मी गेटाच्या आतली आमची गल्ली एवढी अरुंद, की अप्पांनी इकडे ठसका दिला की माझी बायको तिकडे पाण्याचा तांब्या भरते. गल्लीत मराठी बोलणारी घरं आता दोनच उरली, त्यामुळे आमच्यात भांडण परवडत नाही. मी इंटर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. म्हणजे यंत्रांतलं मला कळतं, असा माझा समज होता. या गोष्टीत पुढं जे वाटोळं झालं ते त्या समजानं केलं.

अप्पांचा फोन होता सर्व्हिस बुक नंबर सात-अ. जाडजूड, काळा, काचेखाली दाबायचं एक खरंखुरं बटन असलेला. तेवढ्या काळात मी पाच फोन बदलले आणि दर खेपेला फोटो कुठल्या तरी मागच्या फोनात राहून गेले. माझ्या मुलीचं अख्खं बालपण तीन फोनांआड गडप आहे. अप्पांचा सात-अ मात्र जागचा हलला नव्हता. एके दिवशी कंपनीनं त्याच्या पडद्यावर कळवलं, की या मॉडेलला यापुढं नवे अपडेट मिळणार नाहीत. अप्पा तसेच फोन घेऊन माझ्याकडे आले.

"ही काय भानगड?"

"सपोर्ट संपला, अप्पा. कंपनीच्या लेखी फोन रिटायर झाला."

"असा कसा रिटायर? ऑर्डर दाखव."

'ऑर्डर दाखव' हे अप्पांचं ब्रह्मवाक्य. भाजीवाल्यानं "बाबूजी, आज भिंडी नाहीं आई" म्हटलं तरी अप्पा म्हणत, "ऑर्डर दिखाओ."

"भैया, आमच्या वर्कशॉपात माझ्या जन्माच्या आधीचं इंजिन यायचं," ते म्हणाले. "बनवणारी कंपनी बुडालेली, बनवणारा साहेब मेलेला. तरी त्याचा पार्ट आम्ही घडवून बसवायचो. का? तर गाडीत माणसं बसलीयत. यांच्या मालावर माणसं बसलेली नाहीत काय?"

"मग किती वर्षं सांभाळायचं कंपनीनं?"

"मालक जिवंत असेतो. पुढं एक दिवस नको."

"तर मग त्यांना दाखला पाठवा की, मालक जिवंत आहे म्हणून!" मी चावटपणे म्हटलं.

त्यांनी पाठवला. नोव्हेंबरात पेन्शनवाले बँकेत जाऊन हयातीचा दाखला देतात ना, त्याचीच एक नक्कल अप्पा दरवर्षी रजिस्टर पोस्टानं फोनच्या कंपनीला धाडू लागले. 'मी हयात आहे, सबब फोनाची सेवा चालू ठेवावी.' पाकिटात दाखले दोन असत. दुसरा कोणाचा, विचारल्यावर म्हणाले, "सात-बचा. ती शाखा गुरसरायला आहे." मी गल्लीत सगळ्यांना सांगितलं, की अप्पांनी आता गुरसरायला शाखा उघडली. पोट धरून हसलो. दुसरा दाखला उघडून नाव वाचावं, एवढं काही मला सुचलं नाही.

आणखीही एक गोष्ट मला दिसली होती आणि कळली नव्हती. दुपारी तीनच्या सुमारास अप्पा डोळे मिटून, मांडीवर फोन घेऊन, त्यावर हळूहळू अंगठा फिरवत बसलेले असत. ओठ पुटपुटत. मी बायकोला म्हटलं, "अप्पा फोनचा जप करायला लागले." ती म्हणाली, "तुमच्यापेक्षा बरं. तुम्ही डोळे उघडे ठेवून करता."

मग व्हिडिओ कॉलच्या ॲपनं पाटी झळकवली: पुढल्या महिनाअखेरीपासून या फोनवर हे ॲप चालणार नाही. आणि नेमकी त्याच आठवड्यात सात-अची बॅटरी फुगली. अप्पांनी फोन माझ्या हातात दिला.

"तू सदर बाजारात जातोस ना? नवी बॅटरी बसवून आण."

"अप्पा, महिन्यात ॲप बंद पडणार. महिन्यासाठी बॅटरी कोण घालतं?"

"महिना म्हणजे महिना असतो," अप्पा म्हणाले आणि माझ्यादेखत बुकात लिहिलं: 'उपचारार्थ बाहेरगावी. दोन दिवस. सोबत: शेजारी.'

सदर बाजारातल्या दुकानदारानं सात-अ हातात घेऊन उलटासुलटा केला. "मास्साब, इसकी बैटरी कानपुर से मँगानी पड़ेगी. काहे को इस डोकरे पे ख़र्चा करते हो? एक्सचेंज में दे दो, नया ले जाओ."

आता माझं डोकं चालू लागलं. चार दिवसांवर अप्पांचा पंचाहत्तरावा वाढदिवस होता. माझ्या मनात चित्र उभं राहिलं: मी नवा फोन पुढे करतोय, अप्पांचे डोळे भरून आलेत, बायको माझ्याकडे कौतुकानं बघतेय. हे असलं चित्र मनात उमटलं की मी जागचा उठून घरी जावं, हे मला आयुष्यात बऱ्याचदा पटलेलं आहे, पण नेहमी नंतर. दुकानदारानं सगळे नंबर नव्या फोनात घातले. सात-अ पुसून कोरा केला आणि एका खोक्यात टाकला. खोक्यात तसले बरेच होते.

चार दिवस मी "बॅटरी कानपूरहून येतेय" म्हणून थापा मारल्या. अप्पा रोज दोनदा विचारायचे.

वाढदिवसाला बायकोनं श्रीखंड केलं. अप्पांनी नवा फोन हातात घेतला. डोळे भरून वगैरे आले नाहीत. त्यांनी काचेच्या खालच्या अंगाला अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. उलटा करून पाहिला.

"बटन कुठंय?"

"आता बटन नसतं, अप्पा. सगळी काच."

"मग अक्का काय दाबणार?"

"कोण अक्का?"

अप्पांनी फोन हळूच पाटावर ठेवला. मग जे कळलं ते असं.

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, वय चौऱ्याऐंशी, दिलेली गुरसरायला. डोळ्यांपुढं आता नुसता उजेड आणि सावली उरलेली. दोघांचे फोन एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेले, अगदी जुळे. तिचा तो सात-ब. सून विभा शाळेत शिकवते, नातवंडं कॉलेजात, दुपारी घरात अक्का एकटी. तीन वाजता अप्पा लँडलाइनवरून तिच्या लँडलाइनला फोन करायचे. एका कानाला रिसीव्हर, मांडीवर सात-अ. आणि तिला जसं दिसतं तसं, म्हणजे डोळे मिटून, अंगठ्यानं वाट काढत सांगायचे: "बटन दाब. आता तिथून सरळ वर, दोन पेरं. थोडी उजवीकडे. दाब." आणि इकडे अक्काचा व्हिडिओ कॉल वाजायचा.

"पण अप्पा, लँडलाइनवर तर बोलत होताच!"

"बोलत होतो. दिसत नव्हती," अप्पा म्हणाले. "तिला मी दिसत नाही, भैया. मला ती दिसते. आणि मी बघतो म्हणून ती तीन वाजता वेणी घालून, पातळ बदलून बसते. नाहीतर दिवसभर सुतकातल्यासारखी पडून असते, विभानंच सांगितलं मला."

श्रीखंड तसंच राहिलं. मी स्कूटर काढून सदर बाजार गाठला. खोकं आदल्याच दिवशी दिल्लीला गेलं होतं.

नंतरचे दिवस आठवू नयेत असे गेले. नव्या काचेवर अंगठा फिरवून अप्पांना जुनी वाट सापडेना. "वर, वर… नाही, खाली गं…" असं करता करता अक्काचा कॉल एकदा गॅसवाल्याला लागला आणि एकदा तिथल्या गुरुजींना. गुरुजी नुकते आंघोळ करून पंचा नेसून उभे होते. अक्काला काही दिसलं नाही हे त्यांचं नशीब. मी एक नवा फोन घेऊन गुरसरायलाही जाऊन आलो. अक्कानं तो दोन्ही हातांनी चाचपला. "आरसा आहे का रे?" म्हणाली. "बाळ, मला आरशाचा काय उपयोग?" रविवारी विभा आपल्या फोनवरून लावून द्यायची, पण तेव्हा सगळं घर भोवती. अक्का फोटोला बसल्यासारखी ताठ बसायची आणि सुनेला परकं वाटू नये म्हणून भावाशीसुद्धा हिंदीत बोलायची. "आप कैसे हैं, भैया?" अप्पांना ते ऐकवत नसे.

शेवटी गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या रईसभाईंच्या टपरीत, मोडक्या फोनांच्या डब्यात, मला सात-अचा सख्खा भाऊ सापडला. काचेला तडा, पण बटन टकटक वाजत होतं. त्यावर ॲप काही उतरेना. जुन्या फोनावर ते नव्यानं मिळत नाही म्हणे. पण अप्पांना ॲप नको होतं, वाट हवी होती. कॉल नव्या फोनवर घ्यायचा आणि अंगठा या फोनवर ठेवायचा. त्याच दुपारी अक्का दिसली.

सहा दिवस दिसली. मग महिनाअखेर आली, आणि कंपनीनं अक्काच्या फोनवरचं ॲप बंद केलं. हातात सत्तावीस दिवस होते, त्यांतले एकवीस मी खाल्ले. महिना म्हणजे महिना असतो, हे मला फिजिक्समध्ये एम.एस्सी. करून कळलं नव्हतं.

सातव्या दिवशी तीन वाजता मी अप्पांकडे गेलो, ते पाय ओढत. अप्पा रिसीव्हर कानाला लावून बसले होते. डोळे मिटलेले.

"बटन दाब, अक्का. सरळ वर. हां… उजवीकडे. लागला!"

नवा फोन मुका पडून होता. मी त्याच्याकडे पाहिलं, अप्पांकडे पाहिलं.

"दिसतेस की!" अप्पा म्हणाले. "वेणी आज घट्ट घातलीस."

त्या दिवसापासून मी एक नोकरी धरली आहे. विभा सकाळी शाळेला निघण्याआधी अक्काचं दुपारचं पातळ काढून ठेवते आणि मला मेसेज करते: 'आज हरी वाली.' पावणेतीनला मी अप्पांना रंग सांगतो. तीनला अप्पा अक्काला सांगतात. माझ्या नावाचंही आता एक सर्व्हिस बुक आहे. पहिल्या पानावर लाल शाईत 'गंभीर कसूर', आणि त्याखाली 'परिवीक्षाधीन'. मी तक्रार केलेली नाही.

गेल्या मंगळवारी विभाचा मेसेज आला नाही. शाळेत परीक्षा होत्या, विसरली असेल. मी अप्पांच्या दारात उभं राहून नुसती मान हलवली. अप्पांच्या हातात तोवर रिसीव्हर होता, आणि अक्काचा आवाज नेहमीसारखा बाहेरपर्यंत येत होता.

"दाबलं रे, वासू. दिसते का?"

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी फिजिक्सवाला, मी खांदे उडवले.

"दिसतेस की," अप्पा म्हणाले. "आज निळं पातळ नेसलीस. छान दिसतंय."

अप्पांचा अंगठा बटनावर तसाच.

"निळं?" अक्का म्हणाली.

"निळंच ना?"

मग लहान भावाचं नाक पुसताना थोरल्या बहिणीचा असतो ना, तसल्या आवाजात ती म्हणाली, "थांब हं, वासू. फोन ठेवू नकोस. निळं खालच्या खणात आहे. नेसून येते."

रिसीव्हर टेकवल्याचा आवाज आला. मग काठीचा. मग लांबून, कपाटाचं दार उघडल्याचा.